दहापैकी ६.४: आमच्या वाचनकट्ट्याला खुलं पत्र

वाचनकट्ट्याचे अध्यक्ष, कार्यकारिणीतली मंडळी आणि दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी सतरंजीवर मांडी घालून बसणारे माझे सोबती,

सप्रेम नमस्कार.

गेल्या बैठकीचा वृत्तान्त हाती आला. त्यात म्हटलंय की निवडक कवितांच्या पुस्तकावर साधकबाधक चर्चा झाली, मतं संमिश्र असली तरी एकूण सूर अनुकूल होता आणि सभासदांनी दिलेल्या गुणांची सरासरी दहापैकी ६.४ आली. खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ आहे. वार्षिक अंकासाठी कट्ट्याचा एकमताचा अभिप्राय दीडशे शब्दांत तयार होणार आहे आणि तोच जानेवारीत कवीला शाल-श्रीफळासोबत देण्यात येणार आहे. कुणाची हरकत असल्यास आठ दिवसांत कळवावी.

तर ही माझी हरकत. ती दीडशे शब्दांत बसली नाही, म्हणून पत्र. आणि उघड यासाठी, की खासगीत बोललो असतो तर चहावर मिटलं असतं. आपल्याकडे सगळं चहावर मिटतं.

कवीचं नाव मी इथे लिहीत नाही. तुम्हाला ते ठाऊक आहे, आणि बाहेरच्या कुणी हे वाचून त्या पुस्तकाला आणखी एक आकडा चिकटवावा अशी माझी इच्छा नाही. कवी आपल्या जिल्ह्यातला नाही, मराठवाड्यातल्या गावातून मुंबईला गेलेला आहे आणि पाच संग्रहांतून हा निवडक एका समीक्षकानं काढलाय, एवढं पुरे.

आधी माझा कबुलीजबाब. गुणांचा कागद फिरत माझ्याकडे आला तेव्हा मी पुस्तक निम्म्यापर्यंतही वाचलेलं नव्हतं. शेजारच्या गृहस्थांनी सहा लिहिलेले दिसले. आपण त्यांच्यापेक्षा थोडे जास्त रसिक, असं वाटून मी सात लिहिले. त्या गृहस्थांनी तर पुस्तक आणलंही नव्हतं. नंतर सचिवांकडून तो कागद मागून घेतला आणि घरी नीट पाहिला. अठरा जणांपैकी दहा जणांनी आठ किंवा नऊ दिलेत. सहा जणांनी चार किंवा त्याहून कमी. मधे आम्ही दोघंच, मी आणि ते गृहस्थ. म्हणजे ज्यांनी पुस्तक वाचलं त्यांची मतं दोन टोकांना, आणि ६.४ ज्यांच्या जवळ आलं ते आम्ही न वाचलेले. हा आकडा तुम्ही कवीला कट्ट्याचं मत म्हणून देणार आहात.

माझे सात मी परत घेतो. त्यानंतर पुस्तक दोनदा वाचलंय, त्यामुळे दुसरा आकडाही देत नाही.

मी नाशिकरोडच्या नोटा-मुद्रांक छापणाऱ्या सरकारी प्रेसमध्ये चौतीस वर्षं काढली हे तुम्हाला माहीत आहे. तिथल्या कामाबद्दल फार बोलायचं नसतं, पण एवढं सांगता येईल की छापून आलेला प्रत्येक कागद शेजारच्या कागदासारखाच लागतो. एखादा जरा निराळा निघाला की तो बाद. डोळ्यांना इतकी वर्षं हीच सवय. निवृत्तीनंतर कट्ट्यावर यायला लागलो ते ही सवय मोडायला, कारण इथे एकाच ओळीवर दोन माणसं भांडताना दिसली आणि दोघांनाही कुणी बाद केलं नाही. आता इथेही तपासणी विभाग उघडणार असाल तर मी घरीच बसून वाचतो.

पण आपण मतं मिसळून टाकतो तेव्हा नेमकं काय हरवतं, ते त्या रविवारच्याच उदाहरणांवरून सांगतो. वृत्तान्तात यातलं काही नाही.

सुरुवात बाईंपासून. त्यांनी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. पुस्तकाला त्यांनी दोन गुण दिले आणि म्हणाल्या, "गद्याच्या ओळी तोडल्या म्हणून कविता होत नाही. कानाला काही मिळालं पाहिजे." मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, आता मुक्तछंदाचा जमाना आहे." हशा झाला आणि बाईंचा मुद्दा तिथंच बुडाला. मला तो हशा तेव्हाही आवडला नाही. मुक्तछंद मराठीत रुजवणाऱ्या कवी अनिलांनीच पुढे दहा ओळींची 'दशपदी' घडवली आणि १९७७ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला तो त्या दशपदींसाठी. मोकळं होणं आणि बांधून घेणं दोन्ही एकाच माणसाला हवंसं वाटू शकतं. जमान्याचं काय घेऊन बसलात?

घरी आल्यावर मी बाईंची कसोटी लावून पाहिली. पुस्तकातल्या दोन कविता वहीत सलग उतरवल्या, ओळी न तोडता, आणि आमच्या हिला वाचून दाखवल्या. पहिली शेवटच्या भागातली, संध्याकाळच्या बसमधल्या गर्दीवरची. ही म्हणाली, "छान लिहिलंय. कुठल्या पेपरात आलंय?" ओळी गेल्या तरी कवितेचं काहीच गेलं नव्हतं. म्हणजे बाई बरोबर.

दुसरी कविता रेशनकार्डावरची. तिच्यात घरातल्या माणसांची नावं येतात, मग आजी जाते, बहिणीचं लग्न होतं, भाऊ वेगळा राहतो, आणि नाव कमी होईल तसतशी ओळ लहान होत जाते. शेवटी एकाच शब्दाची ओळ उरते, आईच्या नावाची. ही सलग वाचली तर हिनं विचारलं, "हे काय, वाण्याची यादी आहे का?" मग पुस्तक तिच्या हातात दिलं. तिनं पान पाहिलं आणि काही न बोलता परत दिलं. इथे बाई चुकल्या. ही ओळ तोडलेली नाही, ती झिजलेली आहे, आणि हे कानाला कळत नाही, डोळ्यांना कळतं.

आता माझी तक्रार बाईंबद्दल नाही. आपल्यापैकी एकानंही त्यांना विचारलं नाही की बाई, कोणती कविता? हा प्रश्न विचारला असता तर त्यांनीच पान उघडलं असतं. आपण 'पुस्तक कसं वाटलं' विचारतो. पुस्तक कुणाला कसं वाटणार? शंभराहून जास्त कविता, तीस वर्षांच्या.

सिडकोतून येणारी, अंबडच्या कंपनीत काम करणारी मुलगी आठवते ना? तिनं नऊ दिले, आणि लगेच चिडून म्हणाली की पुस्तकानं माझी फसवणूक केली. लोक हसले. तिची गोष्ट अशी. या कवीच्या आठ ओळी गेली काही वर्षं फोनवरून फिरतायत. तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे आल्या असतील, मावळत्या सूर्याच्या चित्रावर. 'दुःख निघून जातं, थोडं थांब' असा त्यांचा भाव. तिला त्या पाठ होत्या. पुस्तकात तीच कविता उघडली तर ती एकतीस ओळींची निघाली. "मला आठच पुरे होत्या," ती म्हणाली.

तिनं जे म्हटलं ते आपल्याकडे नवं नाही. तुकोबांच्या शासकीय गाथेत ४,६०७ अभंग आहेत. आपल्यातल्या कितींनी ते सगळे वाचलेत? पण दहा-बारा अभंग प्रत्येकाचे आहेत, आणि त्यातलेही कुणाला दोनच चरण हवे असतात. कीर्तनकार तर एका चरणावर दोन तास उभे राहतात. लोकांनी कवीला असं तोडून, निवडून, वाटून घेतलं म्हणूनच तो टिकला. त्यामुळे तिच्या आठ ओळींवर हसायचं काही कारण नव्हतं.

पण खरी गोष्ट जिन्यात घडली. खाली उतरताना ती मला म्हणाली, "काका, उरलेल्या तेवीस ओळी वाचल्यात तुम्ही?" मी वाचल्या नव्हत्या. घरी वाचल्या. नवव्या ओळीपासून कवी स्वतःलाच अडवतो. हे सांत्वन मला कुणी दिलं, देणारा तेव्हा कुठे होता, त्याच्या घरात दिवा होता का, असे प्रश्न येत जातात, आणि शेवटी पहिल्या आठ ओळी म्हणणारा माणूस खोटा ठरतो. म्हणजे फोनवर फिरणारी कविता मूळ कवितेच्या उलट बोलते. त्या मुलीनं त्या आठ ओळी आपल्या मैत्रिणीला पाठवल्या होत्या, मैत्रिणीचे वडील गेले त्या रात्री. आता ती विचारते, "मी तिला काय पाठवलं?"

मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला आलं तर सांगा. पण या प्रश्नाचे नऊ गुण करून सरासरीत टाकू नका. ती चिडली होती आणि तिनं नऊ दिले, यातच त्या पुस्तकाबद्दल अभिप्रायापेक्षा जास्त काही आहे.

आता पिंपळगावहून येणारे आपले द्राक्षवाले भाऊ. यांच्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण त्या संध्याकाळची सगळ्यात मोलाची टीका त्यांनी केली आणि वृत्तान्तात ती 'एका सभासदांनी शेतीविषयक तपशिलाकडे लक्ष वेधले' एवढ्यात गुंडाळली गेली.

द्राक्षबागेवरची कविता पुस्तकाच्या साधारण मध्यात आहे. तिच्यात एप्रिलमधली छाटणी आहे, कात्री आहे, उन्हात उभी वेल आहे, आणि त्या छाटणीतून लगडणारे घड आहेत. भाऊ म्हणाले, "एप्रिलला आम्ही बाग खरडतो. तेव्हा घड नसतोच. माल धरतो तो ऑक्टोबर छाटणीला. ज्याला एवढं ठाऊक नाही त्यानं आमचं दुःख सांगायच्या फंदात पडू नये." आणि त्यांनी तीन गुण दिले.

यावर आपण काय म्हणालो? एक जण म्हणाले, कवितेत तपशील नसतो, भाव असतो. दुसरे म्हणाले, कवीला तेवढी मुभा असते. मीही मान डोलावली. आता लाज वाटते. नाशिक जिल्ह्यात बसून द्राक्षाच्या कवितेत हंगाम चुकला तर चालतो, असं आपण एका द्राक्षवाल्याला सांगत होतो. कुणी गोदावरी उत्तरेला वाहवली असती तर आपण बाह्या सरसावल्या असत्या.

बैठक संपल्यावर टपरीवर चहा घेताना भाऊ गप्पच होते. मग म्हणाले, "एक सांगू का? परवाच काड्या तपासायला देऊन आलो." आता ऑक्टोबर छाटणी तोंडावर आहे, तेव्हा हे काम प्रत्येक बागायतदाराकडे चाललेलं असतं. बागेतल्या काड्या नमुन्याला नेतात, प्रयोगशाळेत काडीवरचा डोळा, म्हणजे मिटलेला कोंब, उभा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, आत घड आहे की नुसती बाळी, म्हणजे फळ न धरणारा वेलीचा तणावा आहे ते. त्यावरून कोणत्या डोळ्यावर काडी कापायची ते ठरतं. भाऊ म्हणाले, "तो आतला घड बनतो कधी? एप्रिल छाटणी झाल्यावर, नव्या काडीच्या डोळ्यात. त्या दिवसांत ऊन मिळालं तर घड, ढगाळ राहिलं तर बाळी. वरून कुणालाच दिसत नाही. ऑक्टोबरला छाटतो तेव्हा फक्त बाहेर निघतो."

मी म्हटलं, "मग कवी बरोबर की."

"बरोबर आहे. पण त्याला ते माहीत असेल का?"

स्कूटरच्या दिव्यात आम्ही पुस्तक पुन्हा उघडलं. ती कविता दोघांनी मिळून वाचली, ते मोठ्यानं आणि मी मनात. कवी 'लगडलेले' म्हणतो, म्हणजे दिसणारे, लोंबणारे घड. तिथे तो सरळ चुकलाय, भाऊंचं पहिलं म्हणणं खरं. पण त्याच कडव्यात वेलीच्या मिटलेल्या डोळ्यांचा उल्लेख आहे. शहरातला वाचक ते डोळे माणसासारखे समजेल. बागेतल्या माणसाला डोळा म्हणजे डोळाच, काडीवरचा. मिटलेल्या डोळ्यात घड आहे असं कवीला म्हणायचं असेल, तर हा माणूस बागेत राहून आलाय. आणि नसेल म्हणायचं, तर चुकून त्याच्या हातून असं काही लिहून गेलंय जे त्यालाच ठाऊक नाही. भाऊंचं म्हणणं, या दोन्हींत फार फरक आहे. मला अजून ठरवता आलेलं नाही, फरक कवितेला पडतो की फक्त कवीला. शेवटी ते म्हणाले, "तीन खोडायचे की ठेवायचे ते छाटणी उरकली की सांगतो."

अध्यक्ष, मला सांगा, हे दीडशे शब्दांत कसं घालणार आहात?

आता निवडीबद्दल. देवळाली गावातले ते वयस्क सभासद, जे नेहमी शेवटी बोलतात आणि ज्यांच्या बोलण्याच्या वेळी निम्मे लोक चपला शोधत असतात, त्यांनी म्हटलं की हा त्या कवीचा निवडक नाहीच, संपादकाचा निवडक आहे. दुसऱ्या संग्रहातल्या सात कविता गाळल्यात आणि त्या सातही कविता जातीवरच्या आहेत. त्यातली एक तर काळारामाच्या दरवाजावरची. त्यावर बाई म्हणाल्या, "त्या घोषणा होत्या, कविता नव्हत्या. गाळल्या ते बरं केलं." दोघंही तावातावानं बोलले आणि वेळ संपल्याचं जाहीर झालं.

मी दुसऱ्या दिवशी सार्वजनिक वाचनालयात गेलो. १८४० पासूनचं आपलं वाचनालय, अशा वेळी उपयोगी पडतं. दुसरा संग्रह मिळाला. सातही कविता बसून वाचल्या. माझ्या मते त्यातल्या चार खरोखर सभेत म्हणायच्या आहेत. ओळ संपली की टाळी हवी अशा लिहिलेल्या. त्या गाळल्या तर माझी तक्रार नाही. पण तीन कविता अशा आहेत की त्यांच्याशिवाय हा कवी कळत नाही. काळारामावरच्या कवितेत २ मार्च १९३० चा सत्याग्रह आहे, पण त्यात बाबासाहेबांचं नाव एकदाही येत नाही, दादासाहेब गायकवाडांचंही नाही. कवितेत बोलते ती एक म्हातारी, जी त्या दिवशी दरवाजाबाहेर मुलाला कडेवर घेऊन उभी होती आणि जिला सत्याग्रहातलं आता फक्त एवढंच आठवतं की काळा दगड उन्हानं किती तापला होता. ही घोषणा असेल तर मला घोषणा म्हणजे काय ते कळत नाही. बाईंनी ती वाचलेली नव्हती, त्यांनी तसं फोनवर मोकळेपणानं कबूल केलं. आणि देवळालीच्या गृहस्थांनी उरलेल्या चार कविता बऱ्याच वर्षांत पुन्हा वाचलेल्या नव्हत्या, हे त्यांनीही मान्य केलं. वाद घालणारे दोघंही आठवणीवर भांडत होते. असो, मीही न वाचता सात गुण देणाराच.

संपादकानं प्रस्तावनेत लिहिलंय की निवड केवळ कलात्मक निकषावर केली. असं लिहिण्यापेक्षा 'मला या आवडल्या' असं लिहिलं असतं तर मी नमस्कार केला असता. निवड म्हणजे आवड, आणि आवड कुणाची तरी असते. मराठीत आपण हे पाहिलेलं आहे. विंदा करंदीकरांच्या निवडक कवितांचं 'संहिता' मंगेश पाडगांवकरांनी संपादित केलं, आणि त्यांच्या प्रेमकवितांचं 'आदिमाया' विजया राजाध्यक्षांनी. एकाच कवीतून दोन जणांनी दोन पुस्तकं काढली. फक्त 'आदिमाया' वाचलेल्या माणसाचे विंदा आणि फक्त 'संहिता' वाचलेल्याचे विंदा रस्त्यात भेटले तर एकमेकांना ओळखतील, पण जरा थांबून. आपल्या तात्यासाहेबांचंही तसंच. कुसुमाग्रजांच्या निवडक कवितांची 'रसयात्रा' बा. भ. बोरकर आणि शंकर वैद्य यांनी मिळून सिद्ध केली. बोरकरांचा कान नादाचा, गोव्याच्या पाण्याचा. क्रांतीचे आणि आगीचे कवी म्हणून ज्यांना आपण शाळेपासून ओळखतो त्यांच्याकडे पाहायला असा कवी बसला, ही मला नेहमी मोठी गंमत वाटत आली आहे. तिथे मुखपृष्ठावर संपादकांची नावं असतात. वाचकाला कळतं की आपण कुणाच्या चष्म्यातून पाहतोय. आपल्या वृत्तान्तात या निवडकाच्या संपादकाचं नावही नाही. अठरा जणांनी जे गुण दिले त्यातले किती कवीचे आणि किती संपादकाचे?

मला ठाऊक आहे तुमची अडचण. अध्यक्ष म्हणतील, पाहुण्याला घरी बोलावून त्याच्या हातात भांडणं कशी द्यायची? आणि वार्षिक अंकात दुही दिसली तर कट्टा फुटला असं लोक म्हणतील. याचा मी विचार केला. कट्टा फुटायचा तर तो सतरंजी कुणी घडी करायची यावर फुटेल, कवितेवर नाही.

आणि नाशिकला याची सवय आहे. मे महिन्यात यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमालेत लोक दिवसभराच्या उन्हानंतर नदीच्या कडेला येऊन बसतात आणि वक्ता पटला नाही तर पटला नाही म्हणतात. आपल्या नाशिकच्या, दोन वर्षांतून एकदा दिल्या जाणाऱ्या जनस्थान पुरस्काराची यादी पाहा. १९९३ ला विंदा, १९९५ ला इंदिरा संत, २००३ ला पाडगांवकर आणि लगेच पुढच्या खेपेला, २००५ मध्ये नारायण सुर्वे, मग २००९ ला महानोर, २०१९ ला डहाके. या सगळ्यांवर सारखंच प्रेम करणारा वाचक मी अजून पाहिलेला नाही. आमच्या घरातच इंदिराबाईंवरून आणि सुर्व्यांवरून दोन पक्ष आहेत. मर्ढेकरांवर तर अश्लीलतेचा खटला चालला आणि ते निर्दोष सुटले. १९४७ च्या त्यांच्या 'काही कविता' तेव्हाच्या एखाद्या कट्ट्यानं गुणांना लावल्या असत्या तर सहाच्या आसपासच काहीतरी आलं असतं, आणि वृत्तान्तात लिहिलं असतं की मतं संमिश्र, सूर अनुकूल.

नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा' या कवितासंग्रहाला १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांची प्रस्तावना होती. कामाठीपुऱ्यातली ती भाषा पांढरपेशा वाचकाच्या कानावरून कधी गेलेली नव्हती. ती समजून घ्यायला तेंडुलकरांसारख्या लेखकालाही कवीकडे जाऊन शब्द विचारावे लागले. मला त्यातलं विचारणं महत्त्वाचं वाटतं. आपल्या कट्ट्यावर त्या रविवारी विचारण्यासारखा माणूस समोर बसला होता, छाटणी माहीत असलेला, आणि आपण त्यालाच कविता म्हणजे काय ते समजावत बसलो.

तेव्हा माझं मागणं असं. दीडशे शब्दांचा अभिप्राय लिहू नका. त्या जागी बाईंचं म्हणणं छापा, त्यांच्या शब्दांत, पण कोणत्या कवितेबद्दल ते पानासकट. त्या मुलीची हकिगत ती लिहायला तयार असेल तर छापा, नसेल तर आग्रह करू नका, ती तिची आहे. देवळालीच्या काकांना यावेळी पहिल्यांदा बोलू द्या, चपला घालायच्या आधी. गुणांचा कागद पुढच्या वेळेपासून फिरवूच नका. फार हौस असेल तर त्या कागदावर एकच प्रश्न छापा, कोणती कविता पुन्हा वाचाल, आणि कोणती पुन्हा वाचायची नाही. त्यातून भांडण निघेल याची हमी मी देतो.

कवीला जानेवारीत बोलवा, जरूर बोलवा. शाल द्या, नारळ द्या. पण सत्कार आटोपशीर ठेवा आणि उरलेला वेळ भाऊंना द्या. तोवर त्यांच्या बागेत मणी फुगायला लागलेले असतील आणि त्यांना सवड कमी असेल, म्हणून तारीख त्यांना विचारून ठरवा. एप्रिलच्या त्या घडाबद्दल त्यांनी कवीला समोरासमोर विचारावं. कवी म्हणाला 'मला माहीत होतं', तर तसं. म्हणाला 'चुकलो', तर तसं. मला तर या दोन्हींपैकी कोणतं उत्तर जास्त आवडेल तेही ठरवता येत नाही.

आणि त्याला काळारामाची कविता वाचायला सांगा. पुस्तकात नाही म्हणून तो टाळेल, तर माझ्याकडची प्रत पुढे करा. सध्या ती माझ्याच नावावर आहे. पहिला, तिसरा आणि चौथा संग्रहही वाचनालयात असल्याचं कळलं. ते आपसात वाटून घेतले तर पुढच्या रविवारपर्यंत सगळ्यांचं वाचून होईल. पाचवा मात्र कुठेच सापडला नाही. बसमधल्या गर्दीची ती कविता त्यातलीच, आणि मूळ पुस्तकात तिच्या ओळी अशाच तोडल्या आहेत की संपादकाच्या हातून काही घोटाळा झालाय, हे पाहिल्याशिवाय बाईंना मी काय सांगू? कुणाकडे असेल तर घेऊन या. एका आठवड्यात परत करीन, कव्हर घालून.

आपला,
कट्ट्याचा एक सभासद, नाशिकरोड